फुला आणि मूर : अरबी लिहिणारा अरब ठरत नाही

अमेरिकेत गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या सुशिक्षित आफ्रिकी मुसलमानांचा उल्लेख आला की ‘अरब राजपुत्र’ किंवा ‘मूर विद्वान’ ही विशेषणे हटकून डोकावतात. ती ज्यांना चिकटवली गेली त्यांतील सर्वांत प्रसिद्ध माणसे मात्र फुला होती, आणि ही गल्लत दोनशे वर्षे जुनी असली तरी ती पुढे चालवण्याचे काही कारण नाही.

मूर कोण हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. मोरोक्को आणि आसपासच्या प्रदेशातील अरब-बर्बर मुसलमानांना युरोपीय लोक सैलपणे हे नाव देत, एवढे येथे पुरेसे आहे. फुला हा पश्चिम आफ्रिकेत दूरवर पसरलेला, परंपरेने गुरे राखणारा समाज आहे. ते स्वतःला फुल्बे म्हणवतात. फुला आणि फुलानी ही त्यांचीच इतरांनी रूढ केलेली नावे आहेत. त्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी गफलत होते ती लिपी आणि वंश यांच्यात. अठराव्या शतकात आजच्या गिनीतील फुता जालोन आणि सेनेगल नदीच्या खोऱ्यातील फुता तोरो येथे अलमामी या धर्मप्रमुखांच्या सत्ता होत्या. तेथील मुले कुराणाबरोबर अरबी लिहायला शिकत, पण घरी बोलत ती फुला भाषा, जी नायजर-काँगो कुळातील असून तिचे सेमिटिक अरबीशी मूळचे काहीही नाते नाही. पेशवाईतील पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळत म्हणून त्यांना कोणी इराणी समजत नाही. फुला विद्वानांच्या बाबतीत हीच साधी समजूत का सुटते, हे मला अजून उमगलेले नाही.

अब्दुल रहमान इब्राहिमा हा फुता जालोनच्या अलमामीचा मुलगा. तो 1788 मध्ये पकडला गेला आणि मिसिसिपीतील नॅचेझ येथे विकला गेला. 1826 मध्ये त्याने अरबीत एक पत्र लिहिले. अरबी अक्षरे पाहून पत्र लिहिणारा मोरोक्कोचा असणार असे मानले गेले, पत्र तिकडच्या अमेरिकी वकिलातीकडे गेले, तेथील सुलतानाने त्याच्या सुटकेची विनंती केली आणि राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या सरकारने त्यात लक्ष घातले. 1828 मध्ये, सुमारे चाळीस वर्षांच्या गुलामीनंतर, तो सुटला. जो देश त्याचा कधीच नव्हता त्याच्या नावावर त्याची मुक्तता झाली, आणि पुढच्याच वर्षी आपल्या मूळ गावी, तिंबोला, पोहोचण्याआधी लायबेरियात त्याचा मृत्यू झाला.

फुता तोरोचा उमर इब्न सईद 1807 मध्ये चार्ल्सटनला उतरवला गेला. तेथून पळाल्यावर तो नॉर्थ कॅरोलिनातील फेयेटव्हिलच्या तुरुंगात पडला, आणि तेथील भिंतींवर त्याने लिहिलेल्या अरबी मजकुरामुळे लोकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. 1831 मध्ये त्याने अरबीत आत्मचरित्र लिहिले, जे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तरीही त्याला ‘प्रिन्स मोरो’, ‘अंकल मोरो’ म्हटले गेले. ही नावे त्याच्या नावाऐवजी आजही छापली जातात, हे मला मनापासून खटकते. 1857 च्या त्याच्या एका हस्तलिखितावर कोणीतरी इंग्रजीत ‘प्रभूची प्रार्थना’ (ख्रिस्ती लोकांची प्रार्थना) अशी नोंद केली आहे. आतील मजकूर मात्र कुराणातील 110 वी सुरा, म्हणजे अध्याय, आहे. त्याच्या मालकवर्गाला जे वाचता येत नव्हते तेथे त्यांनी आपल्याला हवे ते वाचले. उमर मरेपर्यंत, म्हणजे 1864 पर्यंत, गुलामच राहिला.

या गल्लतीचा गुलामगिरीच्या समर्थकांना उपयोग होता, आणि म्हणूनच तिला निरुपद्रवी म्हणणे मला मान्य नाही. काळ्या माणसाला विद्या येत नाही, या समजुतीवर ती व्यवस्था उभी होती. लिहिता-वाचता येणारा गुलाम समोर आला की त्याला मूर किंवा अरब ठरवले की समजूत शाबूत राही. जो आज त्याच माणसांना गौरवाने ‘अरब’ म्हणतो, तो नकळत तोच युक्तिवाद पुढे नेतो.

वारसा कोणाचा, हे अक्षरांपेक्षा बोलीत अधिक स्पष्ट दिसते. भाषातज्ज्ञ लोरेन्झो डाऊ टर्नर यांनी 1930 च्या दशकात जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीवर गुल्ला लोकांची, म्हणजे तेथील आफ्रिकी गुलामांच्या वंशजांची, बोली नोंदवली, तेव्हा त्यांना तेथे फुला आकडे म्हणणारी माणसे भेटली. या भाषेत एक म्हणजे गो, दोन म्हणजे दिदी, तीन म्हणजे तती. पाचाच्या पुढे पुन्हा पाचावर एक, पाचावर दोन अशी मोजणी चढत जाते, म्हणून सहा म्हणजे जेगो आणि सात म्हणजे जेदिदी. अरबी मोजणी वाहिदपासून सुरू होते आणि तिच्यात पाचाची ही पायरी नाही.