भौतिकशास्त्र आणि ख्रिस्ती श्रद्धा

प्रकाश, ऊर्जा, वेळ, विश्वाची सुरुवात असे फिजिक्समधले विषय ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूनं समजून घेणं. मराठीत याला एक ठरलेलं असं नाव नाही, वेगळा कोर्स वगैरे तर नाहीच. विदर्भातल्या खेड्यापाड्यात, म्हणजे वाशिमकडे नाझरीन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट अशा मंडळ्या आहेत तिथं, हा विषय पुस्तकातून कमी अन् संडे स्कूलच्या पोट्ट्यांच्या तोंडून जास्त येतो. आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी झाला, सूर्य चौथ्या दिवशी, मग मधातले तीन दिवस उजेड कशाचा होता?

यावर हुशार माणूस लगेच बिग बँग काढतो, म्हणजे विश्व एका अतिशय तापलेल्या, दाट अवस्थेतून पसरत गेलं ही थिअरी. विश्वातला सगळ्यात जुना उजेड सुरुवातीनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झाला, तो आता थंड होत होत २.७ केल्विनवर (म्हणजे शून्याखाली साधारण २७० अंश सेल्सिअस) आलाय अन् सगळ्या दिशांनी मायक्रोवेव्हच्या रूपात येतो, आणि आपला सूर्य तर त्यानंतर जवळपास ९ अब्ज वर्षांनी तयार झाला, म्हणजे उजेड आधी, सूर्य मागून. बसलं की नाही बरोबर? बसलं, पण त्याच अध्यायात झाडंझुडपं तिसऱ्या दिवशी उगवतात, सूर्याच्या आधी. त्यांचं काय करायचं? एक ओळ जुळली म्हणून टाळ्या वाजवायच्या अन् खालची ओळ आली की पान उलटायचं, हे काही खरं नाही.

गंमत म्हणजे हा इशारा बिग बँगवाल्यानंच दिला होता. जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक फादर, विश्व पसरतंय हे त्यानं १९२७ मध्ये गणितातून मांडलं आणि १९३१ मध्ये सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असं सांगितलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या थिअरीचा संबंध थेट देवाच्या सृष्टिकार्याशी लावला तर खूष व्हायचं सोडून हा नाराज झाला. त्याचं म्हणणं थिअरी थिअरीच्या जागी, श्रद्धा श्रद्धेच्या जागी. उद्या थिअरी बदलली तर देव पण बदलायचा का? वर सांगितलेला तो जुना उजेड सापडल्याची बातमी त्याला १९६६ मध्ये, मरायच्या थोडं आधी कळली.

दुसरी खोड म्हणजे जिथं विज्ञान अडलं तिथं देव बसवायचा. न्यूटनसारख्या माणसानंही ग्रहांच्या कक्षा अधूनमधून देव नीट करत असेल असं म्हटलं, पुढं लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं गणितानं दाखवलं की त्याची गरज नाही. आपण तरी काय करतो, डीपी जळाला की प्रार्थनेच्या आधी लाईनमनलाच फोन लावतो ना. विहिरीवरच्या मोटारीला जी वीज लागते ती जनरेटरमध्ये तयार होते फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर, आणि फॅरेडे स्वतः एका छोट्याशा पंथाचा पक्का ख्रिस्ती, मंडळीत उपदेश करायचा, पण प्रयोगात आकडा अडला म्हणून त्यानं तिथं वचन नाही भरलं.

एंट्रॉपीचं पण असंच. स्तोत्र १०२ मध्ये आकाश अन् पृथ्वी कपड्यासारखी जुनी होतील असं आहे, ते वाचताना थर्मोडायनॅमिक्सचा (उष्णता-ऊर्जेच्या शास्त्राचा) दुसरा नियम आठवतोच: बाहेरून ऊर्जा मिळत नसेल तर विस्कटलेपणा, म्हणजे एंट्रॉपी, कमी होत नाही. आठवू द्यावा, छान आहे ते. पण त्याच नियमावर उत्क्रांती खोटी ठरवायला निघतात ते मात्र चूक, कारण पृथ्वीला सूर्याकडून सतत ऊर्जा मिळते. नाही तर सरकीच्या एका दाण्याची एवढी मोठी पऱ्हाटी झालीच नसती.

पृथ्वीच्या वयावरून वाद होतो तेव्हा बिशप अशरनं बायबलवरून काढलेलं सृष्टीच्या सुरुवातीचं इसवी सनापूर्वी ४००४ साल निघतं. विदर्भात हे उत्तर पायाखालीच अडतं, लोणारचं सरोवर ज्या बेसॉल्टमध्ये आहे तो खडकच साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आणि नागपूर भागातले खडक अन् जीवाश्म नीट अभ्यासणाऱ्यांमध्ये अगदी पहिला कोण, तर स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी. सुवार्ता सांगत गावोगाव फिरायचा अन् येताना दगड घेऊन यायचा. १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं.

शिकवायचं असेल तर सगळ्यात सोपं साधन चर्चच्या पत्र्यातच असतं. जुन्या खिळ्याच्या भोकातून सतरंजीवर कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल, कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. पत्रा दहा फुटांवर असेल अन् ऊन डोक्यावर, तर कवडसा इंचभराहून थोडा मोठा. कडेला खडूनं रेघ मारून ठेवा. मिनिटाला अर्धा इंच सरकतो, म्हणजे पाळकांचं प्रवचन तासभर चाललं तर अडीच फूट, पोट्ट्यांच्या रांगेतून बायांच्या रांगेत. सूर्य जागेवरच, फिरतोय आपण, सतरंजीसकट. तो उजेड सूर्यावरून निघून आठ मिनिटं वीस सेकंद झालेली असतात, तेवढ्यात इकडं एक गाणं म्हणून होतं.