प्रायव्हेट इक्विटी संस्थेतील वित्ताधिकारी

शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांत निधीमार्फत भागभांडवल गुंतवणाऱ्या संस्थेचे हिशेब, मूल्यांकन आणि गुंतवणूकदारांना द्यावयाचा जाब सांभाळणारा अधिकारी. कंपनी हेरून सौदा जमवणारी माणसे निराळी. नाव बहुधा त्यांचेच गाजते.

भारतात असे निधी सेबी या बाजार नियामकाच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली, प्रायः दुसऱ्या वर्गात, नोंदवले जातात. सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात, मात्र ती रक्कम एकदम न घेता सौदा ठरेल तशी मागवली जाते. ही मागणी काढणे, व्यवस्थापन शुल्क आकारणे आणि कंपनी विकल्यावर नफा वाटणे ही वित्ताधिकाऱ्याची मुख्य कामे होत. १०० कोटी पाच वर्षे गुंतून १८० कोटी परत आले, तर प्रचलित करारानुसार गुंतवणूकदारांना आधी मुद्दल व त्यावर साधारण ८ टक्के परतावा मिळतो. त्यानंतर उरलेल्या रकमेतून निधी चालवणाऱ्या व्यवस्थापकांचा वाटा एकूण नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत भरून काढला जातो, म्हणून ८० कोटींच्या नफ्यातील १६ कोटी त्यांच्याकडे जातात. या वाटपाचा क्रम चुकला की वाद थेट करारावर येतो.

या पदाची वाट सहसा सनदी लेखापालाच्या परीक्षेतून, लेखापरीक्षण संस्थेतील उमेदवारीतून आणि निधीच्या हिशेबखात्यातून जाते. बेळगावच्या वाणिज्य महाविद्यालयातून निघालेल्या मराठी तरुणाला त्यासाठी बहुतेकदा मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते, कारण निधींची बरीच कार्यालये तेथे आहेत.

सीमाभागात भांडवल म्हटले की कर्जच डोळ्यांसमोर येते. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतील फाउंड्रीवाला किंवा निपाणीचा तंबाखू व्यापारी नातलग, भिशी, पतसंस्था आणि बँकेचे कॅश क्रेडिट यांवर उभा असतो. प्रायव्हेट इक्विटीला हप्ता नसतो, पण हा भागीदार ठरावीक वर्षांनी बाहेर पडण्याच्या बोलीवरच आत येतो, आणि घरच्या धंद्याला नेमके तेच पचत नाही. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एक्वस कंपनीत मात्र असे भांडवल आलेले आहे.

गुंतवणुकीआधी होणाऱ्या लहान कारखान्याच्या तपासणीत पहिली अडचण हिशेबाची येते: घरखर्च व कारखान्याचा खर्च एकाच खात्यात, शेड काकांच्या जमिनीवर आणि भाडेकरार तोंडी. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, जुने वाटणीपत्र मराठीत, ताळेबंद इंग्रजीत. हे तिन्ही कागद स्वतः वाचू शकणारा बेळगावकर येथे दुभाष्यावाचून काम करतो, ही त्याची जमेची बाजू कोणत्याही पदवीत नोंदलेली नसते.

निधीची मुदत करारात साधारण दहा वर्षांची असते. सौदे जमवणारे मधल्या काळात पुढच्या निधीकडे वळतात. वित्ताधिकाऱ्याला मात्र शेवटची कंपनी विकली गेल्यानंतरही कर, राखून ठेवलेल्या रकमा आणि अखेरचे वाटप निकाली काढावे लागते.