क्रँकची एचपी आणि चाकावरची एचपी: मॉडवाल्यांचा घोळ इथेच असतो

अमेरिकेत फोर्ड, शेवी, डॉज ह्या तिकडच्या देशी गाड्यांना मॉड करायचं (म्हणजे बाहेरचे पार्ट लावून ताकद वाढवायचं) वेड जबरदस्त आहे, आणि इनटेक (हवा आत घेणारा पार्ट) बसवला, ट्यून मारली (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली) की लगेच "50 एचपी (हॉर्सपॉवर) वाढली" असं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. बऱ्याचदा त्यात दोन वेगळ्या एचपींची सरमिसळ असते.

क्रँक एचपी म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर (ताकद इंजिनातून बाहेर देणारा दांडा) मोजलेली, कंपनी ब्रोशरमधे छापते ती. व्हील एचपी म्हणजे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, टायर सगळ्यांनी आपापला वाटा खाल्ल्यावर जी डायनोच्या (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं मशीन) रोलरवर उतरते ती. सीटीसी आणि हातात पडणारा पगार, सेम प्रकार.

आता 2018 ची मस्टँग जीटी घ्या, ब्रोशरला 460. मागची चाकं ओढणारी मॅन्युअल गाडी, साधारण 15 टक्के लॉस धरला तर चाकावर 391 येतील. समजा मॉड केल्यावर तोच डायनो 408 दाखवतो, म्हणजे खरी वाढ 17, आणि इनटेक-ट्यूनला 17 काही वाईट नाही हो! पण विकणारा काय करतो, 408 ला 20 टक्के लॉस लावून क्रँकवर 510 काढतो, त्यातून ब्रोशरचे 460 वजा करतो आणि झाले 50. बेरीज-वजाबाकी बरोबर, पण आधीचा आकडा कंपनीने क्रँकवर मोजलेला आणि नंतरचा चाकावरून, वर 15 ऐवजी 20 टक्के लॉस धरून काढलेला.

मुळात ते 15 टक्के पण ठोकताळाच आहे, कायदा नाही. गिअरबॉक्स तोच, डिफरन्शियल तोच, आणि सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावून क्रँकला 700 केले तर लॉस आपोआप 105 होतो असं नसतं, लोडबरोबर थोडा वाढतो पण सरळ टक्क्यात नाही. म्हणून चाकावरच्या आकड्यावरून क्रँकचा काढायच्या भानगडीत मी तरी पडत नाही.

ट्रकमधे तर अजून मजा. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो), फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा), हे पण आपापला वाटा खातात, वर हौसेने 35 इंची जड टायर टाकलेले, मग डायनोवर आकडा स्टॉकपेक्षा कमी येतो आणि मालक इंजिनाला शिव्या घालतो. इंजिन बिचारं तेवढंच देतंय.

(क्रँकचा जुना आकडा पण आजच्याशी लावू नका. 1971 पर्यंत तिकडे ग्रॉस एचपी छापायचे, इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. 1972 पासून नेट आलं, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेलं. कॅडिलॅक एल्डोराडोचं 8.2 लिटरचं इंजिन 1970 ला 400 होतं, 1972 ला 235. थोडी एचपी इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी केल्यामुळे गेली, पण बराचसा फरक मोजण्याचाच.)

त्यामुळे मॉडच्या आधी एक रन, नंतर एक रन, तोच डायनो, तोच गिअर, इंजिन तेवढंच गरम. आणि ग्राफच्या कोपऱ्यात करेक्शन (हवेचं तापमान, दाब धरून आकडा जुळवून घ्यायची पद्धत) एसएई आहे की एसटीडी ते बघा, कारण एसटीडी साधारण 4 टक्के जास्त दाखवतं, म्हणजे 400 वाल्या गाडीवर काहीही न बसवता 16 एचपी.