ऑइल सील म्हणजे बूच नव्हे

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या फरशा बसल्या आणि आठवड्याभरात माझ्या नावाची चिठ्ठी आली: "आपल्या वाहनातून तेल गळून डाग पडत आहेत, नोंद घ्यावी." वाहन म्हणजे 1998 ची मारुती 800. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरचं मॉडेल. चिठ्ठी वाचून शेजारचे काका म्हणाले, "जाड ऑइल टाका हो, आपोआप थांबतं."

हा सल्ला इतक्यांनी दिला की शेवटी गणित मांडलं. 100 अंश सेल्सियसला 20डब्ल्यू-40 ऑइलचा दाटपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या (हे दाटपणाचं एकक) मधे असतो, त्याहून जाड 20डब्ल्यू-50 चा 16.3 ते 21.9 च्या मधे. बारीक फटीतून होणारी गळती दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे मिनिटाला पडणारा थेंब ऐंशी सेकंदांनी पडेल. फरशीला त्याचं काय सुख?

दुसरा सल्ला होता 'गळती बंद' करणाऱ्या बाटलीचा. त्यात रबर फुगवणारी रसायनं असतात. वाळलेलं सील (फिरत्या दांड्याभोवती ऑइल राखणारं रबरी कडं) त्यानं थोडे दिवस सुधारतं हे खरं, पण चिरलेलं, झिजलेलं किंवा चुकीचं बसवलेलं सील कुठली बाटली दुरुस्त करणार? दर शनिवारी लिंबू-मिरची बदलायची आणि ही बाटली ओतायची, दोन्हीत मला फारसा फरक दिसत नाही. लिंबू-मिरची निदान स्वस्त पडते.

गळती शोधताना पहिली चूक होते ती थेंब पडतो तिथेच पाहण्याची. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे जातं, त्यामुळे चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) टोकाला लटकलेला थेंब कुठूनही आलेला असू शकतो. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असतं आणि लोक चेंबरचं पॅकिंग बदलून मोकळे होतात. मी इंजिन थंड असताना बॅटरीची वायर काढून रॉकेलनं धुतलं, रात्रभर वाळू दिलं, सकाळी फडक्याच्या पुरचुंडीतून टाल्कम पावडर थापली आणि वीस किलोमीटर फिरून आलो. पांढऱ्या पावडरीवर सगळ्यात वर जिथे ओल दिसते ते मूळ. माझी ओल टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या) पुलीमागे होती. म्हणजे क्रँकचं पुढचं ऑइल सील. ही जागा वाईट, कारण तिथलं ऑइल थेट इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या टायमिंग बेल्टवर उडतं आणि बेल्टचं रबर फुगून कुजतं.

मेकॅनिकनं पुली आणि बेल्ट उतरवला, जुन्या सीलमध्ये स्क्रू घुसवून पकडीनं ओढून काढलं. हातात घेतलं तर शाफ्टला टेकणारी आतली कड, म्हणजे ओठ, नखासारखा कडक. नवीन सील बसलं, मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पंधरा दिवसांत पुन्हा डाग.

हे का झालं ते कळायला सील काम कसं करतं ते पाहावं लागेल, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला यांत्रिकीतली याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

आपल्याला वाटतं रबराचा ओठ शाफ्टला घट्ट आवळून बसतो आणि ऑइल अडवतो, बाटलीच्या बुचासारखा. तसं असतं तर सील तासाभरात जळून गेलं असतं. 35 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग तासाला सुमारे वीस किलोमीटर ओठावरून घासत जातो. कोरडं रबर हे सोसणार नाही. 1957 मध्ये इंग्लंडमधल्या जॅगर या संशोधकानं दाखवलं की ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा थर असतोच, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबातला. मग हा थर बाहेर का वाहत नाही?

ओठाची शाफ्टला टेकणारी पट्टी मिलिमीटरच्या दशांशाएवढी रुंद असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती खडबडीत असते. शाफ्ट फिरला की तो या उंचवट्यांना आपल्याबरोबर ओढतो. जिथे दाब सर्वांत जास्त, तिथे ते सर्वांत जास्त ओढले जातात. दोन्ही कडांकडे कमी. त्यामुळे सरळ उभे उंचवटे बाणाच्या टोकासारखे तिरके होतात. अंगणातलं पाणी ढकलताना आपण खराटा तिरका धरतो आणि पाणी एका बाजूला सरकत जातं, तसंच हे तिरके उंचवटे ऑइलला जास्त दाबाच्या रेषेकडे ढकलतात. दोन्ही बाजूंनी ढकलतात, म्हणजे बरोबरी व्हायला हवी. पण ओठाचा ऑइलकडचा उतार चढा ठेवलेला असतो, हवेकडचा सपाट, आणि ओठाभोवतीची बारीक स्प्रिंग किंचित हवेच्या बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे जास्त दाबाची रेषा पट्टीच्या मधोमध न पडता ऑइलच्या बाजूला पडते. हवेकडे खराटे जास्त उरतात, तेच जिंकतात, आणि ऑइल सतत आत ढकललं जातं. चांगल्या सीलच्या बाहेरच्या बाजूला फिरत्या शाफ्टवर ऑइलचा थेंब सोडला तर सील तो आत ओढून घेतं. तेच सील उलटं बसवा, ते इंजिन रिकामं करायला लागेल.

थोडक्यात, सील हा पंप आहे, आणि त्या पंपाचा अर्धा भाग शाफ्टचा पृष्ठभाग आहे. तो आरशासारखा गुळगुळीत असला तर थर टिकत नाही, फार खरबरीत असला तर ओठ कापला जातो. खरखरीतपणा 0.2 ते 0.8 मायक्रॉनच्या मधे हवा, आणि घासल्याच्या रेघा शाफ्टभोवती अगदी सरळ हव्यात. त्या रेघा एका अंशाच्या विसाव्या भागापेक्षा जास्त तिरक्या गेल्या तर शाफ्टवर स्क्रूसारखे आटे तयार होतात. कारखान्यात हे दोऱ्यानं तपासतात: शाफ्टवर दोरा घालून त्याला वजन लटकवायचं आणि शाफ्ट हळू फिरवायचा. दोरा बाजूला सरकू लागला तर समजायचं, आटे आहेत.

आता माझा गुन्हा. जुनं सील निघाल्यावर शाफ्टवर घासल्याची चकचकीत रेघ दिसत होती. (रबर लोखंडाला झिजवतं हे पटत नाही, पण रबरात रुतलेली धूळ झिजवते.) मेकॅनिक चहाला गेला तेवढ्यात मी पॉलिश पेपरची पट्टी घेतली, शाफ्टभोवती गुंडाळली आणि रवीच्या दोरीसारखी दोन्ही हातांनी घुसळली. जागा अडचणीची, पट्टी तिरकीच धरली जात होती. भिंग आणि टॉर्च घेऊन पाहिलं तेव्हा शाफ्टवर माझ्या हातचे आटे दिसले. ते ऑइल आत ढकलतील अशीही शक्यता होती, मग ओठ कोरडा पडून जळला असता. माझे बाहेर ढकलणारे निघाले.

दुसऱ्या वेळी बारीक पेपर शाफ्टला काटकोनात धरून हळू फिरवला. नख फिरवलं, अडकलं नाही. अडकलं असतं तर शाफ्टवर पातळ पोलादी नळी (स्लीव्ह) चढवावी लागली असती. नवीन सीलच्या ओठाला ऑइल लावलं आणि ते खोबणीच्या तळाला न टेकवता दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवलं, म्हणजे ओठ जुन्या रेघेवर न येता कोऱ्या जागी बसतो. बेल्टही नवा टाकला. ब्रीदरची नळीही काढून पाहिली. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू तिच्यातून बाहेर जातो. ती तुंबली की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि कितीही चांगला पंप हरतो. ऑइल टाकायच्या तोंडावर रबरी हातमोजा चढवून इंजिन चालू ठेवलं. मोजा फुगला नाही, किंचित आत ओढला गेला.

तेव्हापासून गाडीखाली पुठ्ठा ठेवतो. आठ महिने कोरडा होता. परवा एक डाग दिसला, बोट लावून पाहिलं तर हिरवट आणि पाण्यासारखा पातळ. हे ऑइल नाही, कूलंट आहे. वॉटर पंपालाही फिरतं सील असतं.