फायनल फँटसी ८

फायनल फँटसी ८ : जपानी रोल-प्लेइंग प्रकारातला व्हिडिओ गेम. स्क्वेअर कंपनीने तो प्लेस्टेशनसाठी ११ फेब्रुवारी १९९९ रोजी जपानमध्ये आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत आणला. दिग्दर्शन योशिनोरी कितासे यांचे, कथालेखन काझुशिगे नोजिमा यांचे, पात्ररेखन तेत्सुया नोमुरा यांचे, लढाईची रचना हिरोयुकी इतो यांची, तर संगीत नोबुओ उएमात्सु यांचे आहे. मूळ आवृत्ती चार सीडींवर होती. या गेमबद्दल खेळणाऱ्यांमध्ये आजही टोकाची मते आढळतात आणि त्याचे कारण बहुतांशी एकाच निर्णयात आहे. पात्राची ताकद अनुभवाने वाढणाऱ्या लेव्हलवर न ठेवता साठवलेल्या जादूवर ठेवली गेली. गेमचे मोठे गुण आणि मोठे दोष, दोन्ही तिथूनच निघतात.

या रचनेला जंक्शन म्हणतात. पात्राला आधी गार्डियन फोर्स, म्हणजे जीएफ हा लढाईत बोलावता येणारा शक्तिशाली जीव, जोडायचा असतो. जीएफ जी क्षमता शिकला असेल तिच्यानुसार जीवनऊर्जा, शक्ती, वेग वगैरे गुणांना एकेक जादू बांधता येते. एका पात्राला एकेक जादू जास्तीत जास्त १०० नग ठेवता येते आणि साठा जितका मोठा तितका तो गुण वाढतो. जादू आगीची असेल तर ती हल्ल्याला किंवा बचावालाही बांधता येते. हल्ल्याला झोपेची जादू बांधली की तलवारीच्या साध्या वारानेही शत्रू झोपतो. एवढे स्वातंत्र्य त्या काळच्या फार थोड्या गेमनी दिले होते.

अडचण जादू मिळवण्याच्या पद्धतीत आहे. लढाईत 'ड्रॉ' ही आज्ञा दिली की शत्रूकडून एका वेळी जास्तीत जास्त नऊ नग मिळतात, सुरुवातीला त्याहून बरेच कमी. तिघा पात्रांचे साठे शंभरावर न्यायचे तर एकाच दुबळ्या शत्रूसमोर उभे राहून तीच आज्ञा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. नवा खेळाडू पहिल्या काही तासांतच कंटाळून गेम सोडतो तो याच ठिकाणी, आणि गेमचे प्रशिक्षण त्याला दुसरा रस्ता पुरेसा ठळक करून सांगत नाही. शिवाय बांधलेली जादू लढाईत वापरली की साठा घटतो आणि तो गुणही घटतो. त्यामुळे जादूने भरलेल्या या गेममध्ये जादू वापरायलाच हात धजावत नाही. हा रचनेतला खरा दोष आहे.

दुसरा रस्ता म्हणजे जीएफच्या रिफाइन क्षमता. त्यांनी वस्तूंची जादू करता येते आणि हे काम मेन्यूत, लढाईबाहेर होते. डोलेट गावातल्या मनोऱ्यावर एल्व्होरेट या बॉसकडून, म्हणजे मोठ्या शत्रूकडून, सायरन ही जीएफ ड्रॉ करून घ्यायची आणि तिला जीवनजादूची रिफाइन क्षमता शिकवायची. दुकानात १,००० गिलला (गिल हे गेममधले चलन) मिळणाऱ्या एका तंबूपासून क्युरागा या बरे करणाऱ्या जादूचे १० नग बनतात. म्हणजे दहा तंबूंत एका पात्राचा साठा पूर्ण. तो जीवनऊर्जेला बांधला की सुरुवातीला पाचशेच्या आसपास असलेली ऊर्जा दोन हजारांच्या पुढे जाते. तसेच क्वेझाकोट्ल या जीएफची कार्ड मॉड क्षमता गेममधल्या ट्रिपल ट्रायड या खेळाच्या पत्त्यांच्या वस्तू करते. अॅबिस वर्मच्या एका पत्त्याची एक पवनचक्की होते, तिच्यापासून टॉर्नेडो जादूचे २० नग मिळतात, आणि पाच पत्त्यांत शंभर नग होतात. शक्तीला बांधायला पहिल्या सीडीवर याहून चांगली जादू क्वचितच मिळते.

लेव्हलबाबत या गेमने सवयीच्या उलट चाल केली आहे. प्रत्येक लेव्हलला सरसकट १,००० अनुभवगुण लागतात, पण शत्रूंची लेव्हलही आपल्या गटाच्या सरासरीबरोबर वाढते. इतर गेमांच्या सवयीने जो तासन्‌तास लढत राहतो आणि जंक्शनकडे दुर्लक्ष करतो, त्याला गेम अवघड होत गेल्यासारखा वाटतो आणि ते खरेच असते. उपाय असा : शत्रूला कमजोर करून 'कार्ड' आज्ञेने त्याचा पत्ता करावा. त्यात अनुभवगुण मिळत नाहीत, पण जीएफना क्षमता शिकायला लागणारे एपी मात्र मिळतात. मॅजिकल लॅम्प या वस्तूतल्या डायब्लॉस या जीएफला हरवले की वाटेतल्या लढाया निम्म्या किंवा बंद करणाऱ्या क्षमता हाती येतात. लॅम्प वापरण्याआधी सेव्ह करणे अत्यावश्यक आहे. लढायांतून पैसे मिळत नाहीत म्हणून काळजी नको. नायक स्क्वॉल ज्या भाडोत्री सैनिकांच्या सीड संघटनेत असतो तिचा पगार चालता चालता जमा होतो, आणि मेन्यूतल्या लेखी परीक्षा दिल्या की श्रेणी व पगार दोन्ही वाढतात. मात्र स्क्वॉलच्या लेव्हलपेक्षा वरची परीक्षा देता येत नाही.

हे सगळे एकदा समजले की तराजू दुसऱ्या बाजूला कलंडतो. ऊर्जा फार घटली की लिमिट ब्रेक हा खास जोरदार हल्ला मिळतो, आणि पात्राची पाळी पुढे सरकवत राहिले तर तो मिळण्याची संधी प्रत्येक फेरीत नव्याने येते. शक्ती भरपूर बांधलेला, अर्धमेला स्क्वॉल मग बहुतेक बॉसना एक-दोन फेऱ्यांत संपवतो. न समजणाऱ्याला शिक्षा आणि समजणाऱ्याला अतिसोपेपणा, यांच्यामधली पातळी इथे जेमतेमच आहे.

जीएफना लढाईत बोलावता येते आणि पहिल्या सीडीवर तेवढ्यावर भागतेही. पण त्यांची दृश्ये मूळ आवृत्तीत टाळता येत नाहीत. ईडन या जीएफचे दृश्य तर मिनिटापेक्षा जास्त चालते. बूस्ट क्षमता शिकवल्यावर सिलेक्ट दाबून धरून चौकोनाचे बटण भराभर दाबले की नुकसान २५० टक्क्यांपर्यंत जाते. फुलीची खूण दिसताच थांबले नाही तर आकडा ७५ वर घसरतो.

ट्रिपल ट्रायड हा पत्त्यांचा खेळ मात्र निर्विवाद यशस्वी आहे. तीन गुणिले तीनचा पट, प्रत्येकी पाच पत्ते, प्रत्येक पत्त्याच्या चारी बाजूंना आकडे. मोठा आकडा शेजारचा पत्ता उलटवतो. सुरुवातीच्या बालांब प्रदेशात फक्त 'ओपन' (दोघांचे पत्ते उघडे) हा नियम असतो, म्हणून शिकायला आणि चांगले पत्ते जिंकायला ती जागा उत्तम. डोलेटचा 'रँडम' नियम आपल्या संग्रहातून कोणतेही पाच पत्ते उचलतो आणि खेळणाऱ्यांमार्फत तो इतर प्रदेशांत पसरतो. समोरच्याने नियम मिसळण्याचे विचारले तर नकार द्यावा आणि प्रत्येक डावाआधी सेव्ह करावे. हा नियम एकदा घरच्या प्रदेशात शिरला की पत्ते जमवण्याची मजाच जाते.

कथेची पहिली सीडी मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक ठरावी. भाडोत्री सैनिक घडवणारी शाळा, टिंबरमधले रेल्वे-अपहरण, डेलिंग सिटीतली मिरवणूक आणि जादूगारणीवर रोखलेली बंदूक, अशी ती चढत जाते. पात्रांची शरीरे मालिकेत पहिल्यांदाच सर्वत्र प्रमाणबद्ध होती आणि त्यांच्या हालचाली मोशन कॅप्चरने टिपल्या होत्या. याचा लाभ पदवीच्या समारंभातल्या नाचात दिसतो. नायिका रिनोआ स्क्वॉलला ओढून आणते, तो पावले चुकतो, दुसऱ्या जोडीला धडकतो, मग हळूहळू ताल सापडतो. संवादाचा एक शब्दही नाही, तरी दोघांचे स्वभाव पुरते उभे राहतात. गायिका फे वाँग यांचे 'आइज ऑन मी' हे गीतही याच प्रेमकथेला जोडलेले आहे.

दुसऱ्या सीडीवर मात्र गाडी घसरते. गटातले जवळजवळ सगळे एकाच अनाथाश्रमात वाढले आणि जीएफच्या वापराने ते विसरले, हा खुलासा बास्केटबॉलच्या मैदानावरच्या एका गप्पांच्या बैठकीत उरकला आहे. विस्मरणाची सूचना आधी आहे, पण इतका मोठा योगायोग तेवढ्यावर पेलत नाही. खरी खलनायिका अल्टिमेशिया फार उशिरा येते, त्यामुळे तिच्याबद्दल राग किंवा भीती रुजायला वेळच मिळत नाही. स्क्वॉलच्या स्वप्नांत दिसणाऱ्या लगुना या सैनिकाची उपकथा रंगतदार आहे. फक्त तिच्यात शिरताना जंक्शन आपोआप त्या पात्रांकडे जातात, ते एकदा तपासून घ्यावेत. गट फुटतो तेव्हा मेन्यूतल्या अदलाबदलीने एका पात्राचे सगळे जंक्शन दुसऱ्याला एकदम देता येतात.

शेवटचा किल्ला रचनेच्या दृष्टीने उत्कृष्ट आहे. तिथे शिरताच वस्तू, जादू, ड्रॉ, जीएफ, लिमिट ब्रेक, पुनरुज्जीवन, अगदी सेव्ह करणेही बंद होते. एकेक बॉस हरवला की आपल्या पसंतीचा एक निर्बंध सुटतो. पहिल्यांदा सेव्ह सोडवणे शहाणपणाचे. आधीच्या बॉसकडून ड्रॉ करायचे राहून गेलेले जीएफ इथल्या बॉसकडून मिळवता येतात. चौथ्या सीडीवर गावे बंद झालेली असतात, म्हणून तंबू, औषधे आणि शस्त्रांची कामे तिसऱ्या सीडीवरच उरकावीत.

३ सप्टेंबर २०१९ रोजी आलेल्या रीमास्टर्ड आवृत्तीत पात्रांची मॉडेल नवी आहेत, पण पार्श्वभूमीची चित्रे जुनीच राहिल्याने दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत. तिप्पट वेग आणि वाटेतल्या लढाया बंद करण्याची सोय हे मात्र खरे उपकार आहेत. ड्रॉ आणि जीएफच्या लांबलचक दृश्यांचा त्रास तिप्पट वेगाने बराच कमी होतो.