बारावीचा एक तास, दोन विषय: कॅलिफोर्नियातील सक्तीच्या शासनव्यवस्था व अर्थशास्त्राची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील बहुतेक सरकारी हायस्कुलांत बारावीच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की ज्याचे नाव वर्षाच्या मध्यावर बदलते. वर्ग तोच, बाक तेच आणि पुष्कळदा शिक्षकही तेच; पण एका सत्रात राज्यघटना, काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि सर्वोच्च न्यायालय शिकवले जाते, तर दुसऱ्या सत्रात मागणी-पुरवठा, चलनवाढ आणि फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक. मुले या जोडगोळीला ‘गव्ह-इकॉन’ म्हणतात. दोन्ही सत्रे उत्तीर्ण झाल्याशिवाय डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, मिळत नाही, मग पुढे अभियांत्रिकीला जायचे असो वा नाट्यशाळेत. महाराष्ट्रात दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली की अर्थशास्त्राशी संबंध बहुधा सुटतो. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी पालकांना ही सक्ती सुरुवातीला चमत्कारिक वाटली तर नवल नाही.

एकाच तासात नांदणाऱ्या या दोन विषयांची कुळे मात्र वेगळी आहेत. शासनव्यवस्थेचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी सापडते. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुले तेव्हा शाळांत मोठ्या संख्येने दाखल होत होती आणि त्यांना ‘अमेरिकन’ कसे करायचे, हा त्या काळच्या शिक्षणतज्ज्ञांपुढचा मोठा प्रश्न होता. राष्ट्रीय शिक्षण संघटनेने नेमलेल्या समितीने १९१६ साली जो अहवाल दिला, त्यात नववीसाठी ‘सामुदायिक नागरिकशास्त्र’ आणि बारावीसाठी ‘लोकशाहीचे प्रश्न’ असे दोन अभ्यासक्रम सुचवले होते. नववीची निवड हिशोबी होती. १९१० च्या सुमारास अठरा वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी जेमतेम नऊ जण हायस्कूल पूर्ण करत. उरलेल्यांना नागरिकशास्त्राचे चार शब्द शिकवायचे, तर ती शाळा सोडण्यापूर्वीच शिकवणे भाग होते. बारावीच्या ‘लोकशाहीच्या प्रश्नां’त राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची मुद्दाम सरमिसळ केलेली होती. अर्थशास्त्राला स्वतंत्र खोली मिळाली नव्हती. ते तेथे पाहुणे म्हणून होते.

ती खोली मिळवून देण्याची खटपट दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९४९ मध्ये शाळांतील अर्थशिक्षणासाठी एक संयुक्त राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९६१ साली अर्थतज्ज्ञ जी. एल. बाख यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने, शाळेतून बाहेर पडणाऱ्या नागरिकाला किमान किती अर्थशास्त्र समजले पाहिजे, याची मांडणी केली. या प्रयत्नांना शीतयुद्धाची पार्श्वभूमी होती, आणि ती विसरून पुढचा इतिहास नीट कळत नाही. त्याच १९६१ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने हायस्कुलांत ‘अमेरिकनवाद विरुद्ध साम्यवाद’ हा किमान तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. टेक्सासच्या शिक्षण कायद्यात तर अर्थशास्त्राचे वर्णनच ‘मुक्त उद्योगव्यवस्था आणि तिचे फायदे यांवर भर देणारा विषय’ असे आहे. एखाद्या शास्त्राचा निष्कर्ष कायद्यानेच आधी लिहून द्यावा, हा प्रकार विरळाच.

कॅलिफोर्नियाने भाषा सौम्य ठेवली, पण तेथेही निमित्त भीतीचेच होते. फक्त भीतीचा रोख आता जपानी आणि जर्मन कारखान्यांकडे होता. एप्रिल १९८३ मध्ये ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला आणि प्रत्येक हायस्कूल विद्यार्थ्याने तीन वर्षे सामाजिक शास्त्रे शिकावीत, अशी शिफारस त्यात होती. त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाने एसबी ८१३ (सेनेट विधेयक ८१३) हा व्यापक सुधारणा कायदा करून डिप्लोमासाठी राज्यभर लागू होणाऱ्या किमान अटी ठरवल्या. शिक्षण संहितेच्या ज्या कलमावर आजची सक्ती उभी आहे, त्याने १९८८-८९ पासून सामाजिक शास्त्रांच्या तीन वर्षांची वाटणी केली: एक वर्ष अमेरिकेचा इतिहास व भूगोल, एक वर्ष जगाचा इतिहास, संस्कृती व भूगोल, आणि उरलेल्या वर्षात अर्धे शासनव्यवस्थेला, अर्धे अर्थशास्त्राला. १९८७ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याने या दोघांना बारावीत नेऊन बसवले होतेच. हे वय मतदानाच्या उंबरठ्यावरचे असल्याने शासनव्यवस्थेसाठी ती जागा योग्यच म्हणावी लागेल.

अर्थशास्त्राची बाजू मात्र पहिल्यापासून लंगडी राहिली. कॅलिफोर्नियात सामाजिक शास्त्रांचा अध्यापन परवाना एकच असतो. त्यामुळे इतिहासात मुरलेल्या शिक्षकाच्याच वाट्याला मागणी-पुरवठ्याच्या लवचिकतेचे (किंमत बदलली की मागणी-पुरवठा किती बदलतो, याचे) आलेख येतात, आणि तेही सुमारे नव्वद शालेय दिवसांत उरकावे लागतात. त्यातच कर्ज, क्रेडिट कार्ड आणि आयकर यांविषयी शाळा काहीच शिकवत नाही, अशी पालकांची तक्रार वाढत गेली. त्या दबावातून २०२४ मध्ये संमत झालेल्या एबी २९२७ (असेंब्ली विधेयक २९२७) या कायद्याने २०३०-३१ मध्ये हायस्कूल पूर्ण करणाऱ्या तुकडीपासून वैयक्तिक अर्थव्यवहाराचे एक सत्र सक्तीचे केले आहे. हे सत्र पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या सत्रातून सूट घेता येईल. शासनव्यवस्थेच्या सत्राला अशी कोणतीही सूट या कायद्यात नाही.