कृष्णधवल निसर्गछायाचित्रणातील कॉन्ट्रास्ट आणि रचना

चित्रातल्या उजळ आणि गडद भागांतील फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. रंगीत छायाचित्रात लाल फुले हिरव्या पानांतून सहज उठून दिसतात. पण दोन्हींची उजळता सारखी असेल, तर कृष्णधवलात ती एकाच करड्या छटेत विरून जातात. त्यामुळे कोणत्या छटेशेजारी कोणती छटा येणार, हा रचनेचाच प्रश्न ठरतो आणि तो शटर दाबण्याआधी सोडवावा लागतो. डोळे किलकिले करून दृश्य पाहण्याची जुनी युक्ती इथे उपयोगी पडते : तपशील पुसट होतात, गडद-उजळ आकार तेवढे उरतात.

सर्वांत जास्त त्रास देते ते आकाश. एकोणिसाव्या शतकातील काचपट्ट्या मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850 च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून यातून वाट काढली. पुढे सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि भिंगापुढे लावायच्या रंगीत काचांचा, म्हणजे फिल्टरांचा, खरा उपयोग होऊ लागला. फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ आणि विरोधी रंगाच्या गडद करतो. पिवळ्याने आकाश किंचित गडद होते, नारिंगीने ढग ठळक होतात, लाल फिल्टरने निळे आकाश काळ्याच्या जवळ जाते. अमेरिकी छायाचित्रकार अँसल ॲडम्स यांनी 10 एप्रिल 1927 रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या फिल्टरने घेतले आणि मग उरलेल्या एकुलत्या एका काचपट्टीवर गडद लाल फिल्टरने. प्रसिद्ध झाले ते दुसरे.

मात्र उन्हातल्या सावल्यांना आकाशाचाच निळा प्रकाश मिळत असल्याने लाल फिल्टर त्याही काळ्या करतो. आभाळ भरलेले असेल, तर निळेपणच नसते आणि फिल्टर फारसे काही करत नाही.

ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत 0 ते 10 असे अकरा टप्पे आहेत. प्रकाशमापक जे मोजतो ते मधल्या, पाचव्या टप्प्यावर आणतो. बर्फ मोजून तसाच टिपला तर तो मळकट करडा येतो. एक्स्पोजर, म्हणजे आत येऊ दिलेला प्रकाश, सुमारे दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) वाढवले की तो पांढरा, तरीही पोत राखणारा उमटतो. निगेटिव्ह फिल्मवर एक्स्पोजर सावल्यांसाठी ठरवतात. डिजिटलमध्ये उलट, उजळ भाग जपावे लागतात, कारण तिथे एकदा गेलेला तपशील परत येत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) घेऊन पडद्यावर कृष्णधवल पाहणे सोयीचे : रंगांची माहिती फाइलमध्ये राहते आणि फिल्टरांचे काम नंतर लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलचे प्रमाण बदलून करता येते. निळा रंग फार खाली ओढला की आकाशात रवाळपणा आणि डोंगरकडेला उजळ रेघ दिसू लागते. नवख्यांच्या चित्रांत ती हमखास सापडते.

संपूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट सरसकट वाढवण्यापेक्षा ठरावीक भाग उजळवणे किंवा गडद करणे बहुधा चांगले. नजर सर्वांत उजळ ठिपक्याकडे धावते, म्हणून कडेला राहिलेला पांढरा तुकडा थोडा दाबावा. खडकाचा, वाळूचा पोत तिरप्या उन्हात उठतो. ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून आले की सावल्या वस्तूंआड लपतात आणि दृश्य सपाट होते. धुक्यात मात्र कॉन्ट्रास्ट कमीच ठेवावा. तिथे एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा हीच रचना असते आणि धुक्यातला काळा रंग खोटा वाटतो.